बारभाईंचं लॉगिन

सकाळचे साडेदहा. ऑफिसात हाक येते, "अरे, आत कोण आहे? बाहेर पडा जरा, मला एक बिल मारायचंय." नवख्याला वाटावं, बाथरूमचा प्रश्न आहे. प्रश्न सॉफ्टवेअरचा असतो.

लायसन्स एक. माणसं सात.

यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. मालकाला विचारा. तो ठसक्यात सांगतो, "पैसे मोजून घेतलंय, चोरलेलं नाही." बरोबर आहे. पैसे मोजले. माणसं मोजायची राहिली.

आणि 'घेतलंय' म्हणजे नक्की काय घेतलंय? सातबाऱ्यावरचं एक अक्षर चुकलं म्हणून तलाठ्याकडे खेटे घालणारा हा माणूस. सॉफ्टवेअरच्या अटींची पानंच्या पानं मात्र तो एका दमात खाली ढकलतो आणि 'मान्य आहे'वर टिचकी मारतो. काय मान्य केलं? विचारू नका. त्यालाच माहीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाला माहीत आहे. 2004 साली टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात न्यायालय म्हणालं, डबाबंद सॉफ्टवेअर ही वस्तू आहे, तिच्यावर विक्रीकर लागतो. 2021 साली इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस खटल्यात न्यायालय म्हणालं, गिऱ्हाइकाला प्रत मिळते, कॉपीराइट मिळत नाही, म्हणून परदेशी कंपनीला दिलेले पैसे रॉयल्टी ठरत नाहीत. दोन्ही निकाल एकमेकांना धरून आहेत, असं वकील सांगतात. फी घेऊन सांगतात. आपण फुकटात एवढंच समजायचं की डबा तुमचा, आतलं त्यांचं.

हे एवढं अवघड असायलाच हवं का? नाही. 1983 साली बोर्लंड नावाच्या कंपनीने टर्बो पास्कल बाजारात आणलं. किंमत जेमतेम पन्नास डॉलर. आपल्याकडच्या इंजिनिअरांची एक अख्खी पिढी बोर्लंडच्या निळ्या पडद्यावर घडली. (प्रत कुठली होती, हे त्या पिढीला विचारू नये. आता ते सगळे व्हाइस प्रेसिडेंट आहेत.) बोर्लंडचं लायसन्स साध्या माणसाला कळेल अशा भाषेत असे. हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा. कोणीही वाचा, कुठल्याही मशीनवर न्या. फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी वापरलं जाणार नाही एवढं बघा.

संपलं लायसन्स.

एवढं सोपं असेल तर वकिलांनी खायचं काय? म्हणून मग मोजमापं आली. काही कंपन्या मशीन मोजतात. काही माणसं मोजतात, तीही नावानिशी. काही म्हणतात, माणसं कितीही असोत, एका वेळी आत किती ते सांगा. ओरॅकलसारख्यांनी तर माणसं सोडून प्रोसेसरचे कोअर मोजायला घेतले आणि कुठल्या चिपला कोणता गुणक लावायचा याचा तक्ताच छापला. ते गणित सोडवायला सल्लागार मिळतात. त्यांचा दर तासावर.

काम किती झालं, हे मात्र कोणीच मोजत नाही. त्याबाबतीत कंपन्या आणि आपली ऑफिसं यांचं छान जमतं.

जुनी डोंगलची पद्धत त्यातल्या त्यात सरळ होती. मराठी टंकांचं पॅकेज घेतलं की सोबत बोटभर लांबीचा डोंगल यायचा. तो कॉम्प्युटरच्या मागे खोचला तरच मराठी उमटायचं. डीटीपीवाल्यांकडे चार मशीन आणि डोंगल एक. मग 'जरा डोंगल दे रे' म्हणत तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचा. लग्नपत्रिका थांबायची, तोवर निवडणुकीचं पत्रक पुढे जायचं. ज्याच्या हातात डोंगल तो आत, बाकीचे चहाला. बोर्लंडचा नियम आमच्या अप्पा बळवंत चौकातल्या पोरांनी न वाचता पाळला.

मग कोणीतरी डोंगल फोडायची फाइल आणली. नियम गेला, चहाही गेला.

खरी मजा बघायची असेल तर चाकण-हिंजवडीच्या डिझाइन ऑफिसात जा. तिथलं सॉफ्टवेअर महागडं. एकेका लायसन्सच्या किमतीत तालुक्याच्या गावी वन बीएचके पाहता येईल. म्हणून कंपन्या 'तरंगती' लायसन्सं घेतात. इंजिनिअर चाळीस, लायसन्सं पंधरा. सर्व्हरवर एक यादी असते. जो उघडेल त्याला एक मिळतं, तो बंद करेल तेव्हा ते दुसऱ्याला. कागदावर योजना उत्तम आहे. एसटीत ज्याचं तिकीट त्याची सीट हीही योजना उत्तमच आहे.

पण एसटीत खिडकीतून रुमाल टाकणारी जात आपली. ती इंजिनिअर झाली म्हणून बदलते का? सकाळी आठला येऊन पठ्ठ्या सॉफ्टवेअर उघडतो, एक रिकामी फाइल ठेवतो आणि नाश्त्याला जातो. रुमाल टाकला! अकराला दुसरा यादी काढून बघतो, कोण बसलंय धरून. फोन जातो. "अरे, तू काम करतोयस का?" "हो, चालू आहे ना." पलीकडून कॅन्टीनच्या भांड्यांचा आवाज.

आयटीवाल्यांनी यावर उपाय काढला. माउस बराच वेळ हलला नाही की लायसन्स आपोआप परत. पोरांनी त्याच्यावर उतारा काढला. माउस हलवत ठेवणारं दहा ओळींचं प्रोग्रॅमिंग. गिअरबॉक्सचं डिझाइन रखडलं, माउस हलवण्याचं डिझाइन दोन दिवसांत तयार. कोण म्हणतं आपल्याकडे संशोधन होत नाही?

त्यात ही लायसन्सं कधी कधी परदेशातल्या मुख्य ऑफिसशी सामायिक असतात. मग दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास जर्मनी कामाला लागते आणि पुण्यातली लायसन्सं बघता बघता गायब होतात. पुण्यात एक ते चार काम बंद का असतं, याला अखेर एक तांत्रिक कारण मिळालं.

वाटलं, हे असंच चालेल. नाही चाललं. ऑटोडेस्कने 2020 पासून ही सामायिक लायसन्सं गुंडाळायला घेतली. एका सामायिक लायसन्सच्या बदल्यात नावावरची दोन लायसन्सं देऊ, असा सौदा. एकाच्या बदल्यात दोन म्हटल्यावर खरेदी विभाग खूश. मग कोणीतरी हळूच विचारलं, त्या एकावर आपली माणसं किती काम करत होती?

पाच.

नाव घातलं की वाटून घेणं संपलं, असं कंपनीला वाटतं. आपल्याकडे तिथून सुरू होतं. लायसन्स 'प्रशांत' या नावावर. प्रशांत नोकरी सोडून बाणेरच्या दुसऱ्या कंपनीत गेला, त्याचं लग्न झालं, मुलगी बालवाडीत जायला लागली. इथे मात्र प्रशांत रोज सकाळी साडेनऊला लॉगिन होतो. रविवारीही येतो. कधी कधी एकाच वेळी नागपुरात आणि नाशकात काम करतो. इतका निष्ठावंत कर्मचारी या कंपनीला प्रशांत असताना कधी मिळाला नव्हता.

प्रशांतचा पासवर्ड? कंपनीचं नाव, पुढे अ‍ॅट, पुढे 123. मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहिलेला आहे. चिठ्ठीवर सेलोटेप लावलेली आहे. सुरक्षेची काळजी घेतो आम्ही.

मग आला ओटीपी. आता काय कराल? काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप. ओटीपी येतो साहेबांच्या मोबाइलवर. साहेब साडूच्या मुलाच्या मुंजीत. ग्रुपवर मेसेज, "सर ओटीपी". पाच मिनिटांनी "सर प्लीज". साहेब पंगतीत बसून सहा आकडे टाकतात. तोवर मुदत संपलेली. "सर पुन्हा एकदा." बँकवाले गेली कित्येक वर्षं कंठशोष करतायत की ओटीपी कोणालाही सांगू नका. आपण एकट्याला सांगत नाही. एकदम अकरा जणांना सांगतो.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरची कथा आणखी रंगतदार. टॅलीत एका माणसासाठी सिल्व्हर, अनेकांसाठी गोल्ड. गोल्डची किंमत सिल्व्हरच्या तिप्पट. म्हणजे तिघं असतील तर हिशेब बरोबर, चौथ्यापासून फायदाच. सरळ गणित. पण गोल्ड घ्यायचं तर सोनं घ्यायला निघाल्यासारखा चेहरा होतो. मालकाच्या दारात नवी एसयूव्ही उभी आहे. तिच्या सीट कव्हरांचा खर्च विचारू नका. हिशेबाला मात्र सिल्व्हर आणि एनीडेस्क.

एनीडेस्क म्हणजे काय, तर लायसन्सवालं मशीन एक आणि त्यात लांबून शिरणारे अनेक. पडद्यावर बाण एकच. ऑफिसातल्या कुलकर्णीबाई तो व्हाउचरकडे नेतात, घरून काम करणारा पोरगा तो रिपोर्टकडे ओढतो. बाण मध्येच थरथरतो. बाई ओरडतात, "अरे सोड, माझी एंट्री चाललीय!" पोराला ऐकू कसं जाणार? तो डोंबिवलीत.

त्या ओढाताणीत पंधरा हजारांच्या जागी दीड लाख पडतात. आता शोधा, कोणी टाकले.

आणि हे शोधणं आता गमतीचं राहिलेलं नाही. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिलीच पाहिजे, आणि ती सोय बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. लेखापरीक्षकाला त्यावर अहवालात लिहावं लागतं. नोंद राहते हो. चोख राहते. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक रक्कम बदलली. कोणी? 'अ‍ॅडमिन'ने.

दुसरा बदल? अ‍ॅडमिन. तिसरा? अ‍ॅडमिन. रात्री पावणेबाराचा? अ‍ॅडमिन. वर्षभराचा सगळा माग सरकारने मागितला तसा हजर आहे, आणि त्यात माणूस एकही नाही. लेखापरीक्षक विचारतो, हे अ‍ॅडमिन कोण? सगळे एकमेकांकडे बघतात. शिपाईसुद्धा बघतो. त्यालाही पासवर्ड माहीत असतो.

लायसन्सचे चार पैसे वाचवले ते असे. पैसे वाचले, आळ घ्यायला माणूस उरला नाही. की तोच तर हेतू होता? विचारून बघा. उत्तर न देता कोणीतरी चहा मागवेल.

हेच डिजिटल सहीचं. कुठल्याही बऱ्या चालणाऱ्या सीएच्या ऑफिसात एक प्लास्टिकचा डबा असतो. पूर्वी त्यात बहुधा मिठाई होती. आता त्यात यूएसबी टोकनं असतात, प्रत्येकाला पांढरी पट्टी चिकटवलेली. 'शहा मोठे', 'शहा धाकटे', 'पाटील बंगलेवाले'. ही त्या त्या डायरेक्टरची कायदेशीर सही. पिन बहुधा 12345678. आर्टिकलशिपचा विशीतला पोरगा दुपारभरात वीस कंपन्यांच्या डायरेक्टरांच्या सह्या ठोकतो आणि संध्याकाळी लोकलला लटकून घरी जातो. एवढी सत्ता टाटांकडे नसेल.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 42 सांगतं, आपल्या सहीची किल्ली आपल्या ताब्यात राहील अशी काळजी ज्याची त्याने घ्यायची. डायरेक्टर घेतातच की काळजी. डबा कपाटात असतो. कपाटाची किल्ली? कपाटावर.

शहरी लोकांनी हसायचं कारण नाही आणि गावाकडच्यांनीही नाही. ग्रामपंचायतीचे पैसे आता सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या डिजिटल सह्यांनी सुटतात. दोन वेगळ्या माणसांनी एकमेकांवर नजर ठेवावी, ही त्यामागची कल्पना. दोन्ही टोकनं एकाच ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये सापडली तर नजर कोणी कोणावर ठेवायची? टोकनांनी टोकनांवर.

बरं, वाटून घेणं वाईट, हे आपल्याला शिकवणारे तरी कोण? नेटफ्लिक्सने 2017 साली ट्विटरवर पासवर्ड वाटून घेण्याला प्रेम म्हटलं होतं. 2023 च्या जुलैत त्याच नेटफ्लिक्सने भारतात कळवलं की खातं एका घरापुरतंच. सहा वर्षांत प्रेम आटलं. गिऱ्हाईक अडकलं की असंच होतं.

बिल गेट्स यांचा प्रवास उलटा. 1976 च्या फेब्रुवारीत त्यांनी हौशी संगणकवाल्यांना खुलं पत्र लिहिलं. सूर असा, की आमचं बेसिक सगळे वापरता, विकत घेणारे दहा टक्केसुद्धा नाहीत, ही चोरी आहे. तरुण माणूस चिडला होता. 1998 साली, तोवर जगातला सर्वांत श्रीमंत झालेला, हाच माणूस एका विद्यापीठात चीनबद्दल बोलताना म्हणाला की चोरणारच असतील तर आमचंच चोरू देत, सवय लागेल, वसुलीचं पुढे बघू.

यालाच दूरदृष्टी म्हणतात.

म्हणजे कंपनीला माहीत असतं. तुमच्या सात माणसांचं, माझ्या पाच माणसांचं, त्या ट्रेनीचं, सगळं माहीत असतं. इंटरनेटला जोडलेलं सॉफ्टवेअर दिवसातून कितीदा माहेरी खबर देतं, हे तुम्हाला कळतसुद्धा नाही. प्रश्न माहितीचा नसतोच. तुम्ही पत्र पाठवण्याइतके मोठे झालात का, एवढाच प्रश्न असतो.

ट्रेनीचं सांगायचं राहिलं. ही सगळ्यात स्वस्त युक्ती. आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉलेजचा पोरगा घ्यायचा. तो येताना लॅपटॉप आणतो, लॅपटॉपवर विद्यार्थ्यांसाठी फुकट दिलेलं सॉफ्टवेअर. विद्यावेतन आठ हजार, सॉफ्टवेअर त्याचं, वीज तेवढी आपली. ऑटोकॅडच्या जुन्या आवृत्त्यांत याला एक खोडी होती. विद्यार्थी-प्रतीवर काढलेल्या नकाशाच्या चारही कडांना 'शैक्षणिक प्रत' असा इंग्रजीत शिक्का उमटायचा. आणि त्या नकाशातला एखादा जिना किंवा संडास उचलून दुसऱ्या नकाशात टाकला, की शिक्का तिथेही. साथीचा रोग! अकरा मजल्यांची इमारत आणि कडेला ठसठशीत कबुली की हे सगळं अभ्यासासाठी चाललंय. काही इमारतींकडे बघून ते खरंही वाटतं.

आता कोणी म्हणेल, एवढं महाग पडतं तर फुकटचं वापरा. आहे ना फुकटचं. लिबरऑफिस आहे, इंकस्केप आहे, गिंप आहे, फ्रीकॅड आहे. हव्या तितक्या मशीनवर टाका, हव्या तितक्यांना वाटा. त्यांचं लायसन्सच सांगतं, वाटा. केरळने सरकारी शाळांत मोकळ्या सॉफ्टवेअरवर पोरं शिकवून दाखवली. आपण काय म्हणतो? "त्यात बटणं वेगळ्या जागी आहेत."

फुकटचं नको. चोरीचं हवं.

कारण चोरीच्या मालाला ब्रँड असतो. एमएस-सीआयटी झालेल्या पिढीचा हात एका विशिष्ट मेनूवर बसलाय. तो हलवायला महिनाभर चिडचिड सोसावी लागेल. ती कोण सोसणार? त्यापेक्षा कायदा मोडलेला परवडला. कायद्याला बटणं नसतात.

या रांगेत नवी भर म्हणजे ऑफिसने घेतलेलं एआयचं खातं. महिन्याचे पैसे एकाचे, वापरणारा अख्खा विभाग. ओपनएआयच्या अटींत लिहिलंय, लॉगिन दुसऱ्याला देऊ नका. ती अट कोणी वाचली नाही, हे सांगायला नको. पण इथे अट मोडल्याची शिक्षा कंपनी देतच नाही. शेजारचा टेबलवाला देतो.

कारण पडद्याच्या डाव्या बाजूला सगळ्यांनी विचारलेलं सगळं ओळीने दिसतं. 'तिमाही विक्रीचा तक्ता'. खाली 'पोट कमी करण्याचे उपाय'. खाली 'क्लाएंटला नम्र पण कडक मेल'. खाली 'मंगळ असलेल्या मुलीशी लग्न'. खाली 'राजीनामा कसा लिहावा, कारण न सांगता'. साहेब सकाळी खातं उघडतात, डावीकडे बघतात, मग काचेतून बाहेर बघतात. सात चेहरे, मान खाली. यातला कोण? एकाच लॉगिनमुळे तेही कळत नाही. साहेब त्या दिवशी सगळ्यांशी गोड बोलतात.

एचआरवाल्यांनी टीम बिल्डिंगवर एवढा खर्च करायचं कारण नव्हतं.

परदेशात हे प्रकरण कुठवर जातं, तेही ऐका. डियाजिओ ही जॉनी वॉकरवाली कंपनी. तिने सॅपचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, पैसे भरून. वर सेल्सफोर्सचं एक पोर्टल बांधलं, ज्यातून गिऱ्हाईकं थेट ऑर्डर देऊ लागली. ऑर्डर आतल्या आत सॅपपर्यंत जायची. सॅप म्हणालं, मग ती गिऱ्हाईकंही आमचे वापरकर्ते. मागणी सुमारे साडेपाच कोटी पौंडांची. 2017 च्या फेब्रुवारीत लंडनच्या उच्च न्यायालयाने मुद्द्यावर कौल सॅपच्या बाजूने दिला. रक्कम नंतर ठरवू म्हणाले. बाटल्या मागवणाऱ्या माणसाने सॅपचं तोंडही पाहिलं नव्हतं.

मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी आता जरा भोळी वाटते ना?

आपल्याकडे कायदा आहे. कॉपीराइट कायद्यात 1994 साली कलम 63ब घातलं. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं कैद, आणि दंड पन्नास हजार ते दोन लाख. धंद्यासाठी वापरली नसेल तर न्यायालय नुसत्या दंडावर सोडू शकतं. दिल्ली उच्च न्यायालय तर अशा खटल्यांत आपला कमिशनर थेट प्रतिवादीच्या ऑफिसात पाठवतं. तो येऊन मशीनं तपासतो. फोन करून येत नाही.

पण लॉगिन वाटून घेणं म्हणजे बेकायदा प्रत का? इथे वकिलांना कंठ फुटतो. प्रत खरी, लॉगिन खरं, माणूस तेवढा खोटा. हा बहुतेकदा करारभंग. म्हणजे तुरुंग लांब, बिल जवळ.

आणि बिल येतं. आधी एक गोड मेल येतो. 'आमच्या नोंदीनुसार आपल्याकडील वापर आणि खरेदी यांत तफावत दिसते. आपण सोबतचा तक्ता भरून पाठवावा.' मालक म्हणतो, स्पॅम आहे. दुसरा मेल येतो. मालक म्हणतो, हे सगळ्यांनाच पाठवतात. तिसऱ्या मेलात मशीनची नावं असतात, तारखा असतात, वेळा असतात. रविवारचाही प्रशांत असतो. मालक पाणी मागतो.

खबर कोणी दिली? सॉफ्टवेअरने स्वतः दिली असेल, नाहीतर माणसाने. 1988 साली स्थापन झालेल्या बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेने खबर देणाऱ्याला बक्षीस देण्याच्या योजनाच चालवल्या. आता बोनस न देता काढून टाकलेला माणूस घरी बसून काय करेल? आठवत बसेल. कुठल्या मशीनवर काय आहे, हे त्याच्याइतकं कोणाला पाठ असतं?

मग मीटिंग. मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला. "हे इन्स्टॉल कोणी केलं?" सगळ्या माना आयटीच्या पोराकडे. त्याचा पगार सगळ्यात कमी. त्यानेच केलेलं असतं, हेही खरं. "तुम्हीच सांगितलं होतं सर, एकावरच सगळ्यांचं बसव." सर आठवत नाही अशा चेहऱ्याने पंख्याकडे बघतात. लेखी काही नाही. ऑफिसात सगळं वाटून घेतलं जातं. हा भाग तेवढा एकट्या पोराच्या वाट्याला.

वाटाघाटी होतात. कंपनीचा विक्रीवाला टाय लावून येतो. आधी दंडाचा आकडा दाखवतो, मग खरेदीचा. दंडाचा आकडा पाहिल्यावर खरेदीचा आकडा सवलत वाटतो. मालक हुशार आहे, त्याने आयुष्यभर हीच युक्ती स्वतःच्या गिऱ्हाइकांवर वापरली. स्वतःवर झाली तेव्हा ओळखली नाही.

"तर किती लायसन्सं देऊ?" विक्रीवाला विचारतो.

अकाउंट्सच्या कुलकर्णीबाई हिशेब करून सांगतात, "नऊ लागतील."

"नऊ?" मालक दचकतो. "नऊ जण एका वेळी हजर असतात का कधी? चार द्या. बाकीच्यांचं आम्ही आपसात बघू."